पाचवं कुत्रं कुठं बसणार?

घरातलं जनावर मेलं की मोठी माणसं पहिलं काय करत असतील तर मुलांना थाप मारतात. वाईट हेतूनं नाही, पोरगं रडू नये म्हणून, आणि रडायला लागलंच तर त्याला काय सांगायचं हे आपल्यालाच सुचत नाही म्हणून. मी इथं कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरी-चौथीचे वर्ग, त्यामुळं या थापांचं पुढं काय होतं ते माझ्याकडं येतं. एक पोरगं मला वर्षभर सांगत होतं, "बाई, आमचा टॉमी आता मामाच्या गावाला असतोय, गारगोटीला, तिथं लई मोठं शेत हाय, पळायला मिळतंय त्याला." मग मे महिन्याच्या सुट्टीत ते मामाकडं गेलं आणि जूनमध्ये शाळा भरली तेव्हा टॉमीचं नाव बंद. मी विचारलं नाही. त्यानंच एकदा डबा खाताखाता सांगितलं, "टॉमी नव्हताच तिथं. मामानं विचारलं, कोण टॉमी?" आणि चपातीचा तुकडा मोडत म्हणालं, "पप्पा खोटं बोलले." कुत्र्याचं वाईट वाटणं एव्हाना बरंच कमी झालं होतं, पप्पांचं मात्र ताजं होतं.

आमच्या माहेरी बंड्या गेला तेव्हा हे पोरगं माझ्या डोक्यात होतं. माहेर मंगळवार पेठेत, पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या झाल्या तरी मागं परडं अजून शिल्लक आहे, पेरूचं झाड, धुण्याचा दगड, एक पडकी भिंत. बंड्या म्हणजे साधा गावठी, तांबूस, एक कान कायम पडलेला. साठमारीकडं, जिथं शाहू महाराजांच्या काळात हत्तींची साठमारी चालायची, तिथल्या एका भिंतीला चिकटून पावसात कुडकुडत बसला होता, दादानं बनियनमध्ये घालून घरी आणला. दादाचा मुलगा ओम जन्मला तेव्हा हा आधीपासून घरात होता, त्यामुळं ओमला बंड्या नसलेलं घर माहीतच नाही. ओम आता सहावीत आणि त्याची बहीण सई दुसरीत.

आजार म्हणाल तर म्हातारपणाचा. उन्हाळ्यापासून तो पाणी लई प्यायला लागला, मग खाणं सुटलं, तोंडाला घाण वास यायला लागला, अंग उतरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं. कुत्र्याच्या किडनीचं असं असतं की साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनीन वाढलेलं दिसतच नाही, आणि दिसतं तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं. हे एवढं सविस्तर सांगायचं कारण सई. तिनं दिवाळीत त्याला चकली दिली होती आणि तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की माझ्या चकलीनं तो आजारी पडला. या वयाच्या मुलांचं हे हमखास होतं, मी रागावलो म्हणून मेला, मी एकदा 'मर जा' म्हणालो म्हणून मेला, आणि बहुतेकजण हे बोलून दाखवत नाहीत, आतल्या आत ठेवतात. सईनं बोलून दाखवलं हे आमचं नशीब. वहिनीनं सरळ तिला घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर भला माणूस, त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर किडनी काढून दाखवली, चाळणीसारखी असते बघ, म्हातारपणी तिची भोकं बुजत जातात, चकलीनं बुजत नाहीत. सईनं विचारलं, "शंकरपाळीनं?" शंकरपाळीनं पण नाही. तो कागद अजून तिच्या दप्तरात आहे.

त्याच संध्याकाळी वहिनीनं दोघांना समोर बसवून सांगितलं, डॉक्टर म्हणाले बंड्या आता बरा होणार नाही, थोड्या दिवसांत मरेल. दादा उखडला. "पोरांसमोर मरेल काय म्हणतीस?" वहिनी म्हणाली, "मग काय म्हणू?" दादाकडं उत्तर नव्हतं, कुणाकडंच नसतं. पण त्या एका वाक्यानं झालं काय की पोरांना वेळ मिळाला. पाण्याचं भांडं भरून ठेवायचं काम सईनं घेतलं, आणि बंड्याला उचलून परड्यात नेऊन शू करवून आणायचं ओमनं. सहावीतलं पोरगं, तेवढं वजन उचलताना लाल व्हायचं, पण दादाला हात लावू द्यायचं नाही.

गेला तो पहाटे, आषाढात, बेंदराच्या आधी. दादाचं म्हणणं पोरं उठायच्या आत पुरून टाकू. वहिनीनं पुन्हा अडवलं, उठू देत त्यांना, बघू देत. मी पोचले तेव्हा सई पोत्याशेजारी उकिडवी बसली होती. तिनं हात लावला आणि म्हणाली, "गार लागतंय. आत्या, ह्याला स्वेटर घालूया?" मी सांगितलं, मेल्यावर शरीराचं सगळं काम थांबतं, श्वास नाही, भूक नाही, दुखत नाही, थंडी पण वाजत नाही. ती म्हणाली, "शू?" शू पण नाही. "मग आता पाण्याचं भांडं मी भरणार नाही?" नाही, आता नको. एवढ्या वेळ रडली नव्हती, त्यावर रडली.

(मधेच एक सांगून ठेवते, कारण वाचणाऱ्यांत लहान मुलं असलेले बरेच असतील. बंड्याचा आजार माहितीचा होता, लसी वेळच्या वेळी झालेल्या, म्हणून हात लावू दिला. कुत्रं अचानक बिथरलं, लाळ गळायला लागली, पाणी गिळेना, कुणाला चावलं-ओरबाडलं आणि मग मेलं, तर मुलांना जवळसुद्धा जाऊ द्यायचं नाही. जखम असेल तर धावत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे आमचं सरकारी रुग्णालय, गाठायचं, रेबीजची लस चालू करायची. रडणं-बिडणं सगळं नंतर.)

मुलांना मरण कसं कळत जातं यावर माणसांनी बराच अभ्यास केलेला आहे. मारिया नॉज नावाच्या हंगेरीच्या एक बाई होत्या, त्यांनी बुडापेस्ट आणि आसपासच्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांना मरणाबद्दल बोलतं केलं, चित्रं काढून घेतली, आणि ते १९४८ साली छापून आलं. अगदी लहानांना वाटत होतं की मेलेला माणूस कुठंतरी गेलाय, किंवा झोपलाय, येईल परत. मधल्या वयाची मुलं मरणाला माणूस समजायची, म्हणजे रात्री येऊन घेऊन जाणारा कुणीतरी. नऊ-दहाच्या पुढं कळत होतं की हे सगळ्यांना होणार आहे. पुढच्या अभ्यासकांनी याचे तुकडे केले: मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीर काहीच करत नाही, जिवंत आहे ते प्रत्येक मरतं, आणि मरायला काहीतरी खरं कारण असतं. बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात यातलं बरंचसं उमगायला लागतं, पण एकदम नाही, एकेक करून. सईला परत येत नाही हे कळलं होतं, थंडी वाजत नाही हे कळलं नव्हतं. म्हणून मुलांचे प्रश्न आपल्याला चमत्कारिक वाटतात आणि आपण "असलं काय विचारतीस" म्हणून गप्प बसवतो. ती बिचारी आपल्या पद्धतीनं एकेक तुकडा जुळवत असतात.

पुरायला परड्यातच खड्डा काढला, पेरूपासून लांब, आडापासून तर भरपूरच लांब, कंबरेएवढा खोल, नाहीतर भटकी कुत्री उकरतात. प्लास्टिक नाही, जुन्या सुती चादरीत गुंडाळला. ओमनं दोन खोरी माती ओढली आणि खोरं टाकून आत निघून गेला. सईला मात्र सगळं बघायचं होतं. "आता हा आत काय करणार?" काही करणार नाही, पण माती करेल. मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, किडे असतात, ते हळूहळू त्याचं शरीर खाऊन त्याची माती करतात. "गांडूळ पण?" गांडूळ पण असतात की. माझी आई मागून म्हणाली, अगं पोरीला काय सांगतीस हे. पण सईचा चेहरा उलट हलका झाला, कारण तिला वाटत होतं बंड्या खाली अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहणार, कायमचा. माझ्या गांडुळांपेक्षा ते कितीतरी भयंकर होतं.

बेंदराला घरात मातीची बैलजोडी आली होती, गंगावेशीकडच्या कुंभारांकडून आणलेली, पूजा झाल्यावर सईनं त्यातला एक बैल नेऊन खड्ड्यावर उभा केला, राखणीला म्हणून. आषाढातला आमचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. दुसऱ्या दिवशी बैलाचे पाय गेले, तिसऱ्या दिवशी नुसता लगदा. आणि ही पोरगी त्या बैलासाठी इतकी रडली, इतकी रडली, की शेजारच्या काकी बघायला आल्या. दादा म्हणाला, कुत्र्याला एवढी रडली नाही. मला तरी वाटतं ती कुत्र्यालाच रडत होती.

आता देवाचं. आपल्याकडं हे टाळता येत नाही आणि टाळू पण नये असं माझं मत आहे. आमची आई दत्तभक्त, पौर्णिमेला वाडीला जाणारी. तिनं सईला सांगितलं, बंड्या दत्तगुरूंच्या पायाशी गेला. सई उठली, देवघराशेजारी नृसिंहवाडीचं कॅलेंडर आहे त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि बोट ठेवून मोजलं. "आज्जी, चार हायत. पाचवं कुठं बसणार?" आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, फोटो काढला तेव्हा बंड्या आपल्याकडं होता की. आईची हजरजबाबी बघा! सईला पटलं.

माझ्या ओळखीतले काही जण म्हणतात की मुलांना असलं काही सांगूच नये, विज्ञान सांगावं. मला तसं वाटत नाही. फरक क्रमाचा आहे. बंड्या मेला, त्याचं शरीर परड्यात आहे, ते परत उठणार नाही, हे सगळं सईच्या डोळ्यांसमोर आधी होऊन गेलं होतं, मग आज्जीचे दत्तगुरू आले, आणि ते आले ते आज्जीचा विश्वास म्हणून आले. उलटं केलं, म्हणजे शरीर गुपचूप गायब केलं आणि नुसतं 'देवबाप्पानं नेलं' म्हणून मोकळे झालो, तर पोरगं रात्री आईच्या पदराला धरून विचारतं की देवबाप्पा आज्जीला पण नेणार का, मला कधी न्यायला येणार. देवाची भीती घालून ठेवतो आपण. 'झोपला' तर त्याहून वाईट. घरात मरण आणि झोप एकच करून ठेवलं की ते पोरगं रात्री लाईट बंद करू देत नाही, आणि घरच्यांना कारण कळत नाही.

याचं एक उदाहरण मी फार जवळून बघितलंय. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या घरी लॅब्रेडॉर, ब्रूनो. ब्रूनोला कॅन्सर झाला, शेवटी शेवटी फारच हाल, म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना सांगून त्याला दयामरण दिलं. मुलीला सांगितलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ब्रूनो शांत झोपला. महिनाभर ती ठीक होती असं सगळे म्हणत होते. वर्गात मला दिसत होतं की ती ठीक नाहीये, वजाबाकीत हातचा घ्यायला विसरायची, वाचताना ओळ सुटायची, मधल्या सुट्टीत पोटात दुखतंय म्हणून येऊन बसायची. मग निबंध आला, माझा आवडता प्राणी. गाईडमधला साचा सगळ्यांना पाठ असतो, कुत्रा हा इमानी प्राणी आहे, तो घराची राखण करतो, त्याला चार पाय व एक शेपूट असते. तिनं पहिल्या पाच ओळी त्याच लिहिल्या. सहावी ओळ अशी होती: "आमचा ब्रूनो राखण करत नव्हता, तो गॅसवाल्याला पण शेपूट हलवायचा, आणि तो आता मेला आहे, पण मला तोच आवडता लिहायचा आहे." शुद्धलेखनाच्या चुका होत्या. दहापैकी दहा दिले, कुणाला विचारायचं असेल त्यानं मला येऊन विचारावं.

पण खरी गोष्ट पुढच्या वर्षी झाली. पाचवीत दहा वर्षांच्या मुलांना टीडीची लस असते, धनुर्वात-घटसर्पाची, शाळेतच देतात. नर्सबाईंनी सिरिंज काढली आणि ही पोरगी बाकाखाली शिरली, थरथर कापत, कुणाला हात लावू देईना. सगळे म्हणाले सुईला घाबरते. मी खाली बसून विचारलं तर म्हणाली, "मी शांत झोपणार नाही." मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, की ब्रूनो झोपला नाही, तो मेला, त्याचा आजार बरा होणारा नव्हता आणि त्याला फार दुखत होतं, म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम गुंगीचं औषध खूप जास्त दिलं, आधी त्याची शुद्ध गेली, मग श्वास आणि हृदय थांबलं, आणि हे फक्त बऱ्या न होणाऱ्या जनावरांसाठी, घरच्यांनी हो म्हटल्यावरच करतात. तुझ्या लसीत त्यातलं काही नाही, ही आजार होऊ नये म्हणून आहे. तिनं विचारलं, "मम्मीला माहीत होतं?" हो, माहीत होतं. लस त्या दिवशी घेतली नाहीच तिनं, नंतर आईबरोबर जाऊन घेतली. पण घरी त्या दोघींचं जे बोलणं झालं असेल ते वर्षापूर्वी व्हायला पाहिजे होतं, असं मला तरी वाटतं.

पालकांना माझं सांगणं एवढंच असतं की बाईंना एक मेसेज टाका. 'काल आमची मांजर मेली' एवढं पुरे. मग मी त्या मुलाला फळ्यासमोर उभं करून पाढे म्हणायला लावत नाही, गृहपाठ निम्मा देते (पूर्ण बंद करायचा नाही, रोजचं वेळापत्रक त्यांना धरून ठेवतं), आणि वर्गात जाहीर तर मुळीच करत नाही, कारण दुसरीकडून कुणीतरी हमखास म्हणतं, मांजर तर मेलीय. मुलांचं दुःख सलग नसतं. पाच मिनिटं हुंदके देतील आणि पुढच्या मिनिटाला लपंडाव खेळतील, आपल्याला वाटतं विसरलं, मग पंधरा दिवसांनी गादी ओली होते, किंवा आईला सोडून शाळेत यायला तयार नसतात. हेही बहुतेक वेळा ओसरतं. आठवड्यांवर आठवडे जेवण-झोप बिघडलेलीच राहिली, किंवा मला पण त्याच्याकडं जायचंय असं बोलायला लागलं, तर मात्र घरगुती उपाय बास, डॉक्टरांकडं नाहीतर समुपदेशकाकडं न्या.

ओमचं वेगळंच चाललं होतं. तो बोलतच नव्हता. आमच्या पेठांमध्ये पोरानं रडायचं म्हणजे काय, गल्लीतला कुणीतरी काका लगेच, "काय मर्दा, कुत्र्यासाठी रडालायस व्हय?" ओम फुटबॉलवेडा, इथं कोण नाही, संध्याकाळी गल्लीत खेळायचा तेव्हा बंड्या म्हातारपणीसुद्धा चेंडूमागं जायचा, शेवटी शेवटी नुसता बसल्याजागी मान वळवायचा. ओमनं खेळणंच बंद केलं. विचारलं तर म्हणे पाऊस आहे. पावसात फुटबॉल खेळत नाही असं कोल्हापुरात कुणी सांगितलं तर विश्वास बसेल का? दादाला वाटायला लागलं नवीन पिल्लू आणावं, एका मित्राकडं होती. वहिनीचं म्हणणं थांबूया. मी वहिनीच्या बाजूची, आणि त्याला नुसतं भावनेचंच कारण नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलाकडं पिल्लू आणलं होतं, दीड महिन्याचं, लस अजून दिली नव्हती, त्याला पार्वो झाला, उलट्या, रक्ताची जुलाब, चार दिवसांत गेलं. पोरगं जेवेना म्हणून बापानं आठवड्यात दुसरं आणलं, त्याच रंगाचं, नाव पण तेच ठेवलं. तेही गेलं. पार्वोचा विषाणू फार चिवट असतो, घरात, अंगणातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलनं मरत नाही, ब्लीच पाण्यात मिसळून फरशी त्यात चांगली दहा मिनिटं भिजू द्यावी लागते, आणि मातीचं तर काहीच करता येत नाही. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांना चालू करून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हापुन्हा द्यायच्या असतात, त्या पुऱ्या व्हायच्या आत अशा घरात आणलेलं पिल्लू म्हणजे जुगार. (हा पार्वो माणसाला होत नाही, हेही त्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं होतं, तो आठ दिवस स्वतःची जीभ आरशात बघत होता.) एका महिन्यात दोनदा तेच नाव घेऊन रडावं लागलं त्या पोराला.

आणि लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की शेतातली पोरं निबर असतात, त्यांना जनावराच्या मरणाचं काही वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतनं बाहेर काढली. कितीतरी माणसं तर जनावरं सोडून बोटीत बसायलाच तयार नव्हती. पाणी उतरल्यावर शाळा चालू झाली तेव्हा तिकडचा एक मुलगा काही दिवस आमच्या वर्गात बसायचा, पाहुण्यांकडं राहत होता. चित्रकलेच्या तासाला त्यानं गोठा काढला, खुंटा काढला, दावं काढलं, आणि दाव्याला काहीच नाही. मी विचारलं, म्हणाला, "रेडकू होतं. दावं सोडायचं ऱ्हायलं." मग एकदम, "मी सोडायला पायजे होतं, मी शेवटला होतो गोठ्यात." नऊ वर्षांचं पोर. त्याला 'जाऊ दे, विसर' म्हणणं म्हणजे तूच केलंस असं म्हणण्यासारखंच. मी त्याला त्या रात्रीचं सगळं क्रमानं विचारलं, पाणी कुठवर होतं, बोट कुणी आणली, तुला कुणी उचललं. कमरेच्या वर पाणी, काळोख, आणि चुलत्यानं त्याला उचलून बोटीत टाकलेलं. मी म्हणाले, म्हणजे तुला मोठ्या माणसांनी उचललं, तू सोडून गेला नाहीस. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं वेगळंच विचारलं, पंचनाम्यात रेडकाचं नाव का नाही लिहीत, नुसतं लहान जनावर एक असं लिहिलंय. मी म्हटलं, तू लिही. त्यानं चित्राखाली लिहिलं, सोनी.

ओमचं तोंड उघडलं ते न्यू पॅलेसमध्ये, आणि ते कुणी ठरवून केलं नव्हतं. रविवारी पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला म्हणून सगळे गेलो. १८८४ साली पुरा झालेला राजवाडा, खाली संग्रहालय, आणि तिथं शिकारीतले वाघ, पेंढा भरून उभे केलेले, दरवर्षी सहलीला पोरांना घेऊन जाते तेव्हा कुणीतरी विचारतंच की हे जिवंत होते का. सई वाघासमोर थांबली. "ह्यांना मेल्यावर असं ठेवलंय? मग बंड्याला का नाही ठेवलं? पप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं काय?" दादाची पंचाईत. मागून ओम म्हणाला, "आत बंड्या नसता. नुसती कातडी वरची, आत भुसा भरत्यात." सई म्हणाली, "आणि डोळे?" "काचेचे." सईनं वाघाच्या डोळ्यांकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मग नको. रात्री मला भ्या वाटलं असतं." आणि ओम हसायला लागला आणि हसताहसता तिथंच, पाहुण्यांसमोर, रखवालदारासमोर रडायला लागला, आणि दादा, जो आयुष्यात कधी चारचौघांत हळवा झालेला मी बघितला नाही, त्यानं त्याला जवळ घेतलं आणि सगळ्या राजवाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रड की. मला पण लई आठवण येतीय त्याची." परत येताना दोघं बंड्यानं दादाचा नवा बूट कसा फाडला यावरच बोलत होते. फुटबॉल त्या आठवड्यात चालू झाला का? नाही. पुढं कधीतरी झाला, आपसूक.

मग पितृपक्ष आला. आबांचं श्राद्ध असतं, आणि आमच्याकडं पानं वाढायच्या आधी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढतात. कुत्र्याचा घास इतकी वर्षं बंड्यालाच, तो तर त्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडायचा. आईनं सवयीनं घास काढला, पत्रावळीवर ठेवला आणि हात तसाच राहिला. सई म्हणाली, "मी देतो. कोपऱ्यावरच्या रॉकीला देतो." रॉकी म्हणजे शेजारच्यांचा पॉमेरियन. ओम म्हणाला, रॉकी डॉग फूड खातोय, तो कशाला खातोय वडा-खीर. सई ऐकायला तयार नाही, घेऊन गेली, मागनं ओम, मागनं मी. रॉकीनं वास घेतला, वडा तेवढा उचलला आणि भात-खीर तशीच टाकून आत पळाला. सई कमरेवर हात ठेवून त्याच्या दारातच ओरडली, "बंड्या भात पण खायचा!" काकी बाहेर आल्या, काय झालं गं. ओमनं पत्रावळ उचलली आणि गल्लीच्या टोकाला कचऱ्याच्या डब्यापाशी एक लंगडी कुत्री असते तिच्यापुढं नेऊन ठेवली, तिनं पत्रावळ चाटूनपुसून साफ केली. घरी येऊन सईनं आज्जीला रिपोर्ट दिला, आणि आता दोघा भावंडांचं भांडण चालू आहे की त्या कुत्रीचं नाव काय ठेवायचं, आणि वहिनी स्वयंपाकघरातनं ओरडून सांगतीय की नाव ठेवायचं असलं तर आधी तिला रेबीजची लस, मग नाव.